वीस मिनिटं हलायचं नाही

सकाळी ६.५०

मिरज. एमआरआय सेंटरचं शटर अर्धं वर गेलंय. बाहेरच्या बाकावर तिघं बसलेत. पहिली वेळ ७.४५ ची, पण अथणीकडची एसटी कुणाची वेळ बघून सुटत नाही. सांगली, जत, कागवाड, चिकोडी. इथले पेशंट दोन राज्यांतून येतात.

इथले मदतनीस मामा फरशी पुसतायत. पुसण्याचा दांडा प्लॅस्टिकचा. लोखंडी दांडा आतल्या दारापलीकडे न्यायचा नाही, हा इथला पहिला नियम.

टेक्निशियन मॅडम स्कूटी लावतात, डबा फ्रिजमध्ये ठेवतात आणि सरळ मागच्या खोलीत जातात. तिथं चक्-चक्-चक् आवाज चाललेला असतो. हा आवाज ऐकू आला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. थंड ठेवणारा पंप चालू आहे, म्हणजे चुंबक ठीक आहे. भिंतीवरच्या वहीत नोंद होते. हेलियम ६८ टक्के. चिलरचं पाणी ठीक. खोली २१ अंश.

चुंबक कधीच बंद नसतं. रात्री नाही, रविवारी नाही, दिवाळीलाही नाही. ताकद दीड टेस्ला, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट. आत निओबियम-टायटॅनियमच्या तारेची वेटोळी, ती द्रव हेलियमनं थंड ठेवलेली, उणे २६९ अंशांवर. एवढ्या थंडीत तारेचा विरोध संपतो. एकदा सोडलेला प्रवाह फिरतच राहतो.

मॅडमचं वय बत्तीस. बारावी सायन्स, मग रेडिओग्राफीची पदवी, दोन वर्षं पुण्यात नोकरी, लग्नानंतर इकडे. पगार सव्वीस हजार. रिपोर्टवर सही डॉक्टरांची असते. फोटो यांनी काढलेला असतो.

सकाळी ७.२०

पहिला पेशंट हळदीच्या पेठेतला हमाल. सत्तेचाळीस वर्षांचा. मुलाच्या खांद्यावर हात टाकून आलाय. उजवा पाय जमिनीला पुरता टेकवत नाही.

मामा त्याच्यापुढे प्लॅस्टिकचा ट्रे धरतात. मोबाइल. चाव्या. कमरेचा पट्टा. सुट्टे पैसे. तंबाखूची पुडी चालते, चुन्याची डबी चालत नाही. दंडातला ताईत निघतो. करगोट्याला चांदीचा मणी आहे, तो सोडवायला मुलगा लागतो.

मग मॅडम फॉर्म भरतात. प्रश्न ठरलेले आहेत, पण त्या वाचून दाखवत नाहीत, बोलत बोलत विचारतात.

"आधी कसलं ऑपरेशन? छातीत मशीन बसवलंय? डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता?"

"न्हाई ओ."

"कळ कुठनं कुठवर जाते?"

तो बोटानं रेघ ओढून दाखवतो. कुल्ला, मांडीची बाहेरची बाजू, नडगी, पायाचा अंगठा. "खोकलं की पार अंगठ्यात."

"लघवीला झालेलं कळतं का? बसायच्या जागेला बधिरपणा?"

"तसलं काय न्हाई."

हा शेवटचा प्रश्न मॅडम कुणालाच सोडत नाहीत. उत्तर "हो" आलं तर रांग मोडायची, पेशंट आत घ्यायचा आणि डॉक्टरांना फोन लावायचा. खालच्या सगळ्या नसांच्या मुळांवर एकदम दाब आला असेल, तर गाठ तासांशी असते.

पावती काउंटरवर फाटते. कमरेच्या मणक्याचे साडेपाच हजार. मुलगा पाचशेच्या नोटा मोजतो, दोनदा.

सकाळी ७.५०

खोलीच्या भिंतींत तांब्याचा पत्रा आहे, बाहेरच्या रेडिओ लहरी आत येऊ नयेत म्हणून. दाराच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या आहेत. दार लावताना ढकलावं लागतं, जड आहे.

हमालाला टेबलावर घ्यायचं. आधी बसायचं, मग एका कुशीवर, मग उताणं. उताणं होताना तो ओठ दाबतो. मॅडम त्याच्या गुडघ्यांखाली जाड फोमची उशी सरकवतात. कमरेचा बाक कमी होतो, नसेवरचा ताण थोडा उतरतो. पावलांना मऊ पट्टा. कानात फोमचे बोळे, वर हेडफोन. हातात रबराचा फुगा.

"कायबी वाटलं तर हा दाबायचा. पण उगाच दाबायचा नाही. वीस मिनिटं हलायचं नाही. श्वास घ्या, पण हळू. खोकला आला तर आवाज थांबेपर्यंत धरा."

"वीस मिंटं?"

"वीसच."

बावीस वर्षं पाठीवर पन्नास किलोची पोती घेणाऱ्याला वीस मिनिटं उताणं पडवत नाही. मॅडमना हे माहीत आहे. या खोलीतलं निम्मं काम उशांचंच आहे.

लाल लेझरची रेघ कमरेच्या हाडाच्या थोडी वर आणतात. बटण. टेबल आत सरकतं.

सकाळी ८.०५

काचेच्या अलीकडे दोन पडदे. आधी वीस सेकंदांचे कच्चे फोटो, नेम धरण्यापुरते. त्यावर मॅडम माउसनं रेघा मांडतात. उभे काप चार-चार मिलिमीटरचे. आडवे काप मणक्यांमधल्या प्रत्येक गादीला समांतर. कण्याला बाक असतो, म्हणून प्रत्येक गादीसाठी रेघेचा कोन वेगळा. हे घाईत केलं तर काप गादीतून जायचा तो हाडातून जातो, आणि मग वाचणाऱ्याला काही कळत नाही.

मशीन ठोकायला लागतं. ठक्-ठक्-ठक्, मग लांब भोंगा, मग पुन्हा ठोके. आवाज आतल्या वेटोळ्यांचा आहे. चुंबकाच्या ताकदीत उतार-चढाव करणारा प्रवाह क्षणाक्षणाला चालू-बंद होतो आणि वेटोळी थरथरतात.

पहिली फेरी टी-टू. यात पाणी पांढरं दिसतं. मज्जारज्जूभोवतीचं पाणी पांढरं, रज्जू करडा, गादीचा निरोगी गाभाही उजळ. वाळलेली गादी काळी पडते. दुसरी फेरी टी-वन. यात चरबी पांढरी, पाणी काळं. तिसरी चरबी पुसून टाकणारी फेरी. हाडात सूज, जंतू किंवा गाठ असेल तर काळ्या हाडात पांढरा डाग उठतो.

तिसऱ्या मिनिटाला पडद्यावरचं चित्र दुहेरी होतं. कडा फाटल्यात. पाय झटकला.

मॅडम माइकचं बटण दाबतात. "काका, कळ आली का?"

आतून आवाज येतो, "आली."

"बरं. दोन मिनिटं थांबू. पाय सैल सोडा. मग तेवढंच परत घेऊ."

एक फेरी परत घ्यायची म्हणजे चार मिनिटं गेली. दिवसातून चार-पाचदा असं होतं, मग संध्याकाळची वेळ रात्रीवर जाते. मॅडम आवाज चढवत नाहीत. आवाज चढवला की माणूस आकसतो, आणि आकसलेला माणूस जास्त हलतो.

शेवटची फेरी काही सेकंदांची. इथं तिला मायलो म्हणतात. फक्त पाणी दाखवणारी फेरी. बाकी सगळं काळं, मधे पाण्याची पांढरी पिशवी, आणि तिच्यात खाली उतरत गेलेल्या बारीक काळ्या रेघा, दुधात सोडलेल्या शेवयांसारख्या. मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या कमरेच्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली फक्त मुळं. प्रत्येक पातळीवर एक जोडी बाजूला फुटते आणि बाहेर पडते. अख्ख्या कण्यात मिळून अशा ३१ जोड्या.

चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी मागे उजवीकडे आलीय. तिथं पांढरी पिशवी आत चेपलीय आणि उजवीकडचं पाचवं मूळ मधेच तुटल्यासारखं दिसतंय. तुटलेलं नाही. दाबलंय, त्याच्याभोवतीचं पाणी हललंय, म्हणून दिसत नाही. अंगठ्यातली कळ इथली आहे.

टेबल बाहेर येतं. "मणक्यात गॅप हाय का, मॅडम?"

"फोटो छान आलेत. रिपोर्ट डॉक्टर देतील. संध्याकाळी या."

पाठीचा एमआरआय काढून आलेला प्रत्येक जण हेच विचारतो. मॅडम प्रत्येकाला हेच सांगतात.

सकाळी ९.३०

आजींच्या पायात जोडवी. निघत नाहीत. लग्नात घातलेली, बोटांवर मांस चढलंय.

चांदी चुंबकाला ओढली जात नाही. पण बाजारातली सगळीच जोडवी नुसत्या चांदीची नसतात, आणि ते बघून ओळखता येत नाही. मामा खाली बसतात. बोटाला दोरा गच्च गुंडाळतात, टोकाकडून मागे. दोऱ्यावर ओला साबण. मग जोडवं दोऱ्यावरून हळूहळू पुढे. एका बोटाला सहा मिनिटं. आजी डोळे मिटून बसतात. दुखतंय म्हणून नाही. नवऱ्याच्या देखत जोडवी काढायची म्हणून.

"आत्ता घालून दितो परत," मामा म्हणतात.

मंगळसूत्र सुनेच्या पर्समध्ये. पदराची पिन, केसातल्या चार पिना, कवळी. कवळी कागदात बांधून नाव लिहून ठेवायची. इथं एकदा कवळ्यांची अदलाबदल झालेली आहे.

सकाळी १०.४०

कुपवाड एमआयडीसीतला टर्नर. मानेत दुखणं, डाव्या हाताला मुंग्या. फॉर्मवर सगळीकडे "नाही".

मॅडम थांबतात. "ग्राइंडरवर काम केलंय?"

"अकरा वर्षं."

"चष्मा लावून?"

तो हसतो.

आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे. डोळ्यात जुना लोखंडी कण रुतून बसला असेल तर त्याला काही त्रास नसतो. चुंबकाजवळ गेला की कण सरकतो, आणि नजर जाऊ शकते. एक्स-रेचे तीनशे रुपये. तो कटकट करतो. दहा मिनिटांत फिल्म येते. डॉक्टर बघतात. कण नाही. मग मानेची कॉइल लावून आत.

मानेत मणके सात, मुळांच्या जोड्या आठ. म्हणून मानेत मूळ आपल्या नंबराच्या मणक्याच्या वरून बाहेर पडतं, पाठीत आणि कमरेत खालून. मॅडम दुसऱ्या मणक्यापासून मोजत खाली येतात, प्रत्येक वेळी. दुसरा मणका ओळखायला सोपा, वर दातासारखं टोक असतं त्याला. काही जणांत कमरेचे पाचऐवजी सहा दिसतात. मोजायला चुकलं तर सर्जनची सुरी एक मजला वर किंवा खाली लागते.

सकाळी ११.३५

चिकोडीकडची बाई. टेबलावर झोपते, डोकं आत गेलं की फुगा दाबते. बाहेर. पुन्हा आत. पुन्हा फुगा.

मामा कानडीत समजावतात. मशीनच्या आतला दिवा-पंखा चालू आहे हे दाखवतात. मॅडम डोळ्यांवर रुमाल घालतात. बोगदा साठ सेंटिमीटर रुंद. रुमाल असला की तो किती अरुंद आहे ते दिसत नाही. नवऱ्याला आत उभं करू म्हणतात, बायकोचं पाऊल धरून. त्याचीही झडती होते, ट्रेमध्ये त्याचाही मोबाइल पडतो.

तिसऱ्यांदा चार मिनिटं निघतात. मग रडं फुटतं. रडताना छाती हलते, चित्र जातं.

मॅडम टेबल बाहेर घेतात. "राहू दे आज. जबरदस्ती नाही." भुलीचे डॉक्टर बोलवता येतात, त्यांचे अडीच हजार वेगळे. नवरा मान हलवतो, नको. मग दुसरा मार्ग. तिच्या डॉक्टरांना विचारून रात्री एक हलकी गोळी, आणि उद्या पहिली वेळ, पोट हलकं असताना. पैसे घेतले नाहीत. चाळीस मिनिटं गेली.

दुपारी १२.४५

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे निवृत्त गुरुजी. पन्नास पावलं चाललं की पाय भरून येतात, वाकून बसलं की बरं वाटतं. कमरेत पोकळी अरुंद झाली की असं होतं. पण त्यांच्या छातीत पेसमेकर आहे. एमआरआय चालणारे पेसमेकर आता मिळतात, त्याचं कार्ड असतं. गुरुजींचा जुना. कार्ड नाही.

"मग मला आत घेत नाही म्हणता?"

"घेऊ शकत नाही, सर."

त्यांना सीटी मायलोग्राम सांगितला जातो, मोठ्या हॉस्पिटलात. कमरेत सुई घालून पाण्यात आयोडिनचं औषध सोडायचं आणि मग सीटीत घ्यायचं. औषध पाण्यात पसरतं, मुळं त्यात काळी उठून दिसतात. एमआरआयची ती पाण्याची फेरी जे सुईशिवाय दाखवते, तेच.

मामांना हे जुनं माहीत आहे. आधीच्या नोकरीत ते डार्करूममध्ये होते. "तवा टेबल कलतं असायचं," ते सांगतात. "पेशंटला पट्ट्यानं बांधायचं न् डोकं खाली करायचं. औषध वर मानंकडं जायचं. मग पाय खाली. औषध जिथं अडंल तिथं रोग." मग चोवीस तास उशीवर डोकं, आणि तरी डोकेदुखी.

त्याही आधीची गोष्ट जास्त कडक होती. १९१९ मध्ये अमेरिकेतल्या वॉल्टर डँडी यांनी कण्यात हवा भरून एक्स-रे काढायची वाट दाखवली. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रान्समध्ये सिकार आणि फोरेस्तिए यांनी आयोडिन मिसळलेलं खसखशीचं तेल वापरलं. चित्र ठसठशीत यायचं. पण तेल अंगात जिरत नसे, वर्षानुवर्षं तिथंच राही. पुढे जी तेलं वापरात आली, त्यांनी कित्येकांच्या मुळांभोवतीची आवरणं चिकटून गेली. दुखणं शोधायला घातलेल्या औषधानंच नवं दुखणं दिलं. पाण्यात विरघळणारी औषधं १९७० नंतर रुळली. सुईशिवाय चित्र काढायची विद्या देणाऱ्या लॉटरबर आणि मॅन्सफील्ड यांना नोबेल मिळालं २००३ साली.

गुरुजी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवतात. नातू स्कूटर आणायला जातो.

दुपारी १.५०

डबा. चपाती, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी. तिसऱ्या घासाला लाइट जाते.

यूपीएस कन्सोल धरून ठेवतो. मामा जनरेटर चालू करतात. चुंबकाला लाइट लागत नाही, ते तसंच ताकदवान राहतं. लाइट लागते ती थंडाव्याला. पंप बंद पडला की हेलियम हळूहळू उडायला लागतं. एकदम उडालं तर त्याला क्वेंच म्हणतात. एक लिटर द्रवाचा साडेसातशे लिटर वायू होतो आणि छपरावरच्या जाड पाइपातून बाहेर पडतो. पुन्हा भरायचं म्हणजे लाखांत बिल. म्हणून डिझेलचा कॅन कधी रिकामा ठेवत नाहीत. भर उन्हाळ्यात रोज तास-दीड तास तरी जनरेटर चालतो.

तेवढ्यात फोन. दुपारपाळीचा टेक्निशियन येणार नाही, मुलाला ताप. मॅडम डबा झाकतात. डबल ड्यूटी. डबलचे सहाशे. घरी फोन करून सांगतात, "कुकर लावून घ्या."

दुपारी २.४०

कॉलेजातली मुलगी. महिनाभर पाठ दुखतेय, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरलेलं. आता ४६ किलो. गेले चार दिवस जिना चढताना पाय जड पडतात.

डॉक्टरांनी पूर्ण कणा सांगितलाय, कॉन्ट्रास्टसह. क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी बघायचा. किडनी खूपच कमजोर असेल तर कॉन्ट्रास्टचं औषध देत नाहीत. रिपोर्ट ठीक. मॅडम मनगटावर शीर शोधतात, व्हेनफ्लॉन घालतात. एका झटक्यात जाते.

चरबी पुसणाऱ्या फेरीत पाठीचे नववा आणि दहावा हे मणके पांढरे उठतात. मधली गादी खाल्लेली. दोन्ही बाजूंना पांढऱ्या पिशव्या, पू असावा. मागे मज्जारज्जूला तो टेकलाय. मॅडम तेवढ्यावर थांबत नाहीत. मानेपासून माकडहाडापर्यंत घेतात. मणक्याचा टीबी कधी कधी मधले मणके सोडून दूर दुसरीकडेही बसलेला असतो. दुसरीकडे काही नाही.

मग औषध. गॅडोलिनियम, नऊ मिलिलिटर. मामा सलाइनची सिरिंज मागे तयार ठेवतात. आणखी दोन फेऱ्या. औषधानं पुवाभोवतीची कड उजळते, आतला भाग काळा राहतो.

हे दुखणं पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये लिहून ठेवलं. डॉक्टर अजून त्याला पॉट्स स्पाइन म्हणतात. टीबीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. आधी सुईनं नमुना घेऊन खात्री करावी लागते.

मुलीची आई विचारते, "काय निघालं?"

"डॉक्टर बसलेत आत. आजच बोलतील तुमच्याशी. थांबा इथंच."

बाकीच्यांना "संध्याकाळी या." यांना "थांबा." आईला फरक कळतो. ती पुढचं विचारत नाही.

दुपारी ४.१०

डॉक्टरांची खोली अंधारी. दोन उभे पडदे, थंड झालेला चहा. ते वाचत नाहीत, आधी फॉर्म मागतात. कुठला पाय, किती दिवस, अंगठा उचलतो का. मॅडमनी सकाळी बोटाची रेघ फॉर्मवर काढून ठेवलेली असते, तीच बघतात.

फॉर्मशिवाय फोटो वाचणं धोक्याचं असतं, कारण दुखत नाही अशा माणसाच्याही गाद्या फुगलेल्या असतात. २०१५ मध्ये जुन्या अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला. पाठीचं काहीही दुखणं नसलेल्या विशीतल्या लोकांपैकी ३० टक्क्यांत फुगलेली गादी दिसते, ऐंशीच्या लोकांत ८४ टक्क्यांत. डॉक्टर म्हणतात, "गादी दिसली म्हणून ती गुन्हेगार नसते. पायात कळ आहे त्याच बाजूचं, त्याच नंबराचं मूळ दाबलेलं असायला हवं."

हमालाचा रिपोर्ट ते तोंडी सांगतात, मशीन टाइप करतं. मग मॅडम स्पेलिंग बघतात. उजवा-डावा दोनदा बघतात.

संध्याकाळी ५.१५

एकवीस वर्षांचा मुलगा. सहा आठवड्यांपूर्वी मोटरसायकल घसरली, खांद्यावर पडला. हाड नीट जुळलंय. उजवा हात मात्र लोंबतोय. बोटं हलतात, कोपर वाकत नाही, खांदा उचलत नाही.

मानेच्या खालच्या भागाचे बारीक काप घ्यायचे, मिलिमीटरभराचे. हे वेळखाऊ. गिळलं तरी चित्र जातं. मॅडम त्याला सांगतात, "आवाज थांबला की गिळ. आवाज चालू असताना थुंकी तोंडात ठेव."

सगळ्या पेशंटांत हाच नीट पडून राहतो. अजिबात हलत नाही.

डावीकडे पाचवं आणि सहावं मूळ बारीक काळ्या धाग्यासारखं रज्जूतून निघून बाहेर जातं. उजवीकडे तो धागा नाही. त्या जागी पाण्याचा पांढरा फुगा, कण्याच्या भिंतीबाहेर आलेला. मूळ रज्जूपासून उपटलं गेलं की आवरण फाटतं आणि पाणी तिथं साठतं. हा फुगा लगेच दिसत नाही, काही आठवडे जावे लागतात. म्हणून सर्जननं त्याला आत्ता पाठवलंय. उपटलेलं मूळ सहसा परत रज्जूला जोडता येत नाही. दुसरीकडची नस आणून जोडायचं ऑपरेशन असतं, आणि त्याला उशीर परवडत नाही.

मुलगा विचारतो, "मॅडम, पोलीस भरतीचं बघतोय मी. होईल ना?"

"सर्जनना भेट आधी. उद्याच जा. पुढच्या आठवड्यावर टाकू नको."

संध्याकाळी ६.३०

दारात अँब्युलन्स. दुसऱ्या हॉस्पिटलचा वॉर्डबॉय लोखंडी स्ट्रेचर ढकलत आत येतो. खाली ऑक्सिजनचा सिलिंडर. फरशीवर लाल रेघ आहे. मामा रेघेवर आडवे उभे राहतात.

"हितं थांबायचं."

"पेशंटला ऑक्सिजन लागतोय."

"आमचा पाइप हाय आत. ह्यो न्हाई जायचा."

२०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात एक माणूस असाच सिलिंडर हातात घेऊन चुंबकाच्या खोलीत गेला. मशीन बंद आहे असं त्याला वाटलं होतं. सिलिंडर ओढला गेला, बरोबर तोही. तो वाचला नाही. मामांनी ते कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलंय.

पेशंट गवंडी आहे, स्लॅबवरून पडलेला. सीटी झालंय, हाडाचं कळलंय. रज्जूचं कळायचंय. चौघं मिळून एका लयीत उचलतात, कणा न वळवता, ॲल्युमिनियमच्या ट्रॉलीवर. गळ्याची पट्टी काढायची नाही. मॅडम आधी फक्त एकच फेरी लावतात, टी-टू उभी. चार मिनिटांत कळतं. रज्जू सुजलाय, आत उजळ पट्टा, पण सलग आहे. फोटो सर्जनच्या मोबाइलवर जातो. बाकीच्या फेऱ्या मागाहून.

पैशाची चौकशी जाताना होते. कॉन्ट्रॅक्टर बाहेर फोनवर बोलत उभा आहे.

रात्री ८.२०

रजिस्टर. चौदा पेशंट झाले. एक परत पाठवला, एक उद्यावर. फेऱ्या परत घेतल्या सहा. फिल्म अठ्ठावीस. एका फिल्मला दीडशे पडतात. सीडी घ्या म्हटलं तरी पेशंट फिल्मच मागतो, गावातल्या डॉक्टरकडे कॉम्प्युटर नसतो आणि सीडी उजेडाला धरून बघता येत नाही.

मामा टेबल जंतुनाशकानं पुसतात, उशांची कव्हरं बदलतात. त्यांचा पगार साडेबारा हजार. उद्याच्या यादीत पहिलं नाव चिकोडीच्या बाईचं. पुढे मॅडम पेननं लिहितात, "नवरा आत. रुमाल. गोळी घेतली का विचारणे."

रात्री ८.४५

हमाल आणि मुलगा रिपोर्ट घ्यायला येतात. मुलगा गॅरेजमधनं सुटल्यावरच येऊ शकला.

हमाल पाकीट उघडत नाही. इंग्रजी आहे. "मॅडम, उद्या पोती उचलू का?"

"ते डॉक्टर सांगतील."

"डॉक्टर परवा भेटनार. मी उद्याचं इचारतोय."

मॅडम त्याच्याकडे बघतात. सकाळची पांढरी पिशवी त्यांना आठवायची गरज नाही, रिपोर्ट त्यांनीच तपासलाय.

"उद्या नका उचलू."

"बरं." तो मुलाकडे वळतो. "मुकादमाला फोन लाव. दोन खाडं धर म्हनावं."